गौरव्वांची शर्त

"वाच," गौरव्वा म्हणाल्या. "माझी शर्त कुटं लिवलीय, तेवढं वाच."

त्यांनी एक घडी घातलेला कागद माझ्या डेस्कावर ठेवला. सकाळचे अकरा वाजले होते. आमचे वकील आप्पासाहेब कोर्टात गेले होते, ऑफिसात मी एकटा. मला वाटलं अव्वांचा वार चुकला. त्यांनी सोमवारी यायचं होतं, नव्या दस्तावर सही करायला. तो दस्त स्टॅम्पपेपरवर लिहून माझ्या ड्रॉवरमध्ये तयार होता. आणि आज गुरुवार.

मी कागद उघडला. दोन वर्षांपूर्वीच्या बक्षीसपत्राची नक्कल होती. माझ्याच हातची.

"अव्वा, हे जुनं. हे तर तेव्हाच रजिस्टर झालं."

"व्हय. त्येच वाच."

मी वाचायला लागलो. साखर पेठेतलं घर, त्याची हद्द, ते सूतिकागृहासाठी कमिटीला कायमचं बक्षीस दिल्याचा मजकूर. मग ते वाक्य आलं: "सदर सूतिकागृहात कोणत्याही जातीची वा धर्माची स्त्री आल्यास तिला परत पाठविले जाणार नाही, अशी लिहून देणार यांची अपेक्षा आहे."

"थांब. शेवटचा शब्द काय?"

"अपेक्षा."

"म्हंजे काय?"

"म्हणजे... असं व्हावं असं आपल्याला वाटतं, ते."

"आन शर्त म्हंजे?"

"असं झालंच पाहिजे, ते."

अव्वा माझ्याकडे बघत राहिल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर काठाचं हातमागाचं लुगडं. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मग माझी शर्त कुटं गेली रे?"

मला उत्तर माहीत होतं. शर्त मीच काढली होती. पण ती गेल्यामुळे काय झालं, हे मला अजून ठाऊक नव्हतं. ते त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

आदल्या दिवशी भर दुपारी मारुती नावाचा एक माणूस बायकोला हातगाडीवर घालून सूतिकागृहाच्या दारात आला. बायकोचं नाव सोनाबाई. दोघं गिरणीत झाडलोटीच्या कामाला. वस्ती गावाबाहेर, अस्पृश्यांची. बाई पहाटेपासून अडलेली होती. दारात कमिटीचे सेक्रेटरी नानासाहेब उभे होते. त्यांनी वस्ती विचारली आणि सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. सरकारी दवाखाना लांब. मारुतीनं पाया पडून पाहिलं. दार लागलं.

सूतिकागृहाला लागून अव्वांची मोकळी जागा आहे. तिथे एक विहीर आणि एक लिंबाचं झाड. मारुतीनं गाडी त्या सावलीत घेतली आणि पाणी मागायला तो अव्वांच्या दारात गेला. अव्वा विहिरीपलीकडेच राहत. त्या धावत आल्या. सूतिकागृहातली नर्सबाईही मागच्या दारानं, कुणाला न विचारता, बाहेर आली. दोघींनी मिळून बाईला सोडवलं. बाई वाचली.

"मूल माज्या हातात आलं," अव्वा म्हणाल्या. "पोरगी हुती. केस बी हुते की रे डोक्यावर. रडली न्हाई."

मग त्यांनी विचारलं, "पन्नास पावलावर सहा खाटा हायत. माज्या घरात. माज्या घराच्या दारातनं तिला परत लावली. मी शर्त घातली हुती का न्हवती?"

घातली होती. मी तिथेच होतो.

आता थोडं मागचं सांगायला हवं. गौरव्वा मूळच्या मैंदर्गीच्या. घरात कानडी, बाहेर मराठी. नवऱ्याचा कापडाचा व्यापार होता. तो वारल्यावर घरं, जागा त्यांच्या नावावर आल्या. त्यांना एकच मुलगी होती, शांतव्वा. ती सासरी बाळंतपणात अडली. गावात हुशार सुईण एकच, मांगवाड्यातली. ती निरोप मिळताच आली. पण तिला उंबऱ्याबाहेर उभी केली. कुणी म्हणे आत घ्या, कुणी म्हणे घर बाटेल. तो वाद संपायच्या आधी शांतव्वा गेली. अव्वा तेव्हा त्याच घरात होत्या आणि त्याही गप्प राहिल्या होत्या. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, बक्षीसपत्राचा मजकूर विचारून घ्यायला मी गेलो तेव्हा.

"म्हनून माझी एकच षरत्तु," त्या म्हणाल्या होत्या. कानडीत शर्तीला षरत्तु म्हणतात. आमच्या सोलापुरात तेलुगू विणकर षरतु म्हणतात, दखनी बोलणारे शर्त म्हणतात. बाजारात कुणालाही तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मी ड्राफ्टमध्ये तसंच लिहिलं होतं: "अशी शर्त आहे." दुसऱ्या दिवशी नानासाहेब ऑफिसात आले. गृहस्थ सज्जन, निवृत्त हेडमास्तर, बोलणं गोड. त्यांनी ड्राफ्ट वाचला आणि चष्मा काढला.

"गोविंदराव, हे दान आहे की भाडेपट्टा?"

"दान."

"मग दानात शर्त कसली? कमिटीत मोठी माणसं आहेत. त्यांना हा शब्द टोचेल. तुमची भाषा एवढी चांगली. 'अपेक्षा' लिहा. अर्थ तोच."

मी तेव्हा तिशीचा होतो. माझी भाषा चांगली आहे असं हेडमास्तरांनी म्हटल्यावर मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. मी शर्त खोडली आणि अपेक्षा लिहिली. वाक्य खरंच छान दिसायला लागलं.

एवढंच असतं तर चूक म्हणून सुटलो असतो. पण सहीच्या आधी मी दस्त अव्वांना वाचून दाखवला. त्यांना कानडी लिहिता-वाचता येई, दस्ताची मोडी लिपी येत नसे. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "ह्यात माझी षरत्तु आली का?"

मी म्हणालो, "आली अव्वा. चांगल्या भाषेत आली."

सब-रजिस्ट्रारनं नियमाप्रमाणे विचारलं, "मजकूर समजला का?" अव्वांनी माझ्याकडे बोट केलं आणि "ह्यो सांगितला" म्हणून सही केली.

आता तोच कागद माझ्यापुढे होता. अव्वा खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

आप्पासाहेब दुपारी आले. मी त्यांना अव्वांच्या देखत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवायला सुचलंच नाही.

"शब्द कोणी बदलला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मला का नाही विचारलंस?"

"भाषा चांगली दिसेल असं वाटलं."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "दस्त माझ्या नजरेखालून गेला होता. मीही वाचला. माझ्याही लक्षात आलं नाही." ते अव्वांकडे वळले. "अव्वा, ही चूक या ऑफिसची आहे. एकट्या याची नाही."

अव्वांना त्यात रस नव्हता. "घर परत घेता येतंय का, ते सांगा."

"नाही. बक्षीस दिलं, ताबा दिला, रजिस्टर झालं. आता ते परत मागता येत नाही."

"त्यांनी सांगितल्यागत केलं न्हाई तरी?"

"कागदावर तुमची अपेक्षा आहे. अपेक्षा मनातली गोष्ट. कोर्ट मनात शिरत नाही." मग ते माझ्याकडे बघून, पण अव्वांना समजेल असं म्हणाले, "आणि नुसती शर्त लिहून तरी भागलं असतं असं नाही. शर्त मोडली तर काय होईल, हेही लिहावं लागतं. त्याशिवाय शर्तीला दात नसतात."

हे मला इतकी वर्षं कारकुनी करून नीट माहीत नव्हतं. मी इच्छा, विनंती, अपेक्षा, अट, शर्त हे शब्द कानाला बरे लागतील तसे वापरत आलो होतो.

अव्वा म्हणाल्या, "मग तो दुसरा कागद फाड."

दुसरा कागद म्हणजे माझ्या ड्रॉवरमधला दस्त. सूतिकागृहाला सहा खाटा पुरेनात म्हणून कमिटीला शेजारची मोकळी जागा हवी होती, नवा वॉर्ड बांधायला. अव्वांनी तीही बक्षीस द्यायचं कबूल केलं होतं. दगड येऊन पडले होते. पायाभरणीला कलेक्टरसाहेबांच्या मडम येणार, म्हणून पत्रिकाही छापून झाल्या होत्या. आणि त्या दस्तात जातीधर्माविषयी मी काय लिहिलं होतं? तीच अपेक्षा. जुन्या दस्तावरून उतरवून घेतलेली. सोमवारी अव्वांनी त्यावरही सही केली असती.

मी दस्त काढून दिला. आप्पासाहेबांनी तो अव्वांच्या हातातून हळूच घेतला.

"फाडू नका. ही जागा अजून तुमची आहे. ती बक्षीस देऊ नका, भाड्यानं द्या. वर्षाला एक नारळ भाडं लावा. दिलेलं बक्षीस परत येत नाही, पण भाड्याची जागा शर्त मोडली की परत घेता येते, तसं पट्ट्यात लिहिलेलं असलं तर."

"नुसत्या नव्या वार्डाला? आन माझं घर?"

"शर्त दोन्हींची घालू. घरात एखादी बाई नाकारली तरी जागा जाईल. वॉर्ड बांधलेला असला तर वॉर्डासकट."

अव्वा पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

मी म्हणालो, "साहेब, मी नोकरी सोडतो."

"तुझ्या नोकरी सोडण्यानं त्या बाईचं काय होणार आहे? बस. लिही."

संध्याकाळी आम्ही तिघं सूतिकागृहात गेलो. नानासाहेबांनी आदरानं बसवलं. ते घाबरलेले नव्हते, ओशाळलेलेही नव्हते. मला याचाच सगळ्यात जास्त धक्का बसला. मी समजत होतो, माणसाचा चेहरा उतरलेला असेल.

"झालं ते फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण काल जागा नव्हती."

आप्पासाहेब म्हणाले, "रजिस्टर मागवा."

नर्सबाईनं रजिस्टर आणलं. कालच्या तारखेला चार नावं होती. खाटा सहा. आप्पासाहेबांनी त्यावर नुसतं बोट ठेवलं.

नानासाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, मी तिला आत घेतली असती तर बाकीच्या चौघींची माणसं त्यांना उचलून घेऊन गेली असती. चार बायकांचा विचार करायचा की एकीचा?"

"गेल्या असत्या?" आप्पासाहेबांनी नर्सबाईला विचारलं.

"कुणी विचारलंच नाही त्यांना," ती म्हणाली. "एक तर मला म्हणत होती, बाई, बाहेर कोण ओरडतंय, तिला आत का घेत नाहीत?"

नानासाहेब माझ्याकडे वळले. "गोविंदराव, तुम्हीच सांगा. दस्तात अपेक्षा आहे ना? अपेक्षेचा आम्ही नेहमी मान ठेवला. शक्य तेव्हा पाळली."

अर्थ तोच, असं दोन वर्षांपूर्वी म्हणणारा हाच माणूस. अर्थ तोच नाही हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त मला.

अव्वा उठल्या. "नानासाब, सोमवारी नवा कागद हाय. त्येच्यात अपेक्षा न्हाई. शर्त हाय. पायजे तर सही करा, नको तर दगड उचला."

"अव्वा, आमच्यावर विश्वास नाही का?"

"इस्वास दोन वर्सं ठेवला. आता कागद ठेवते."

शनिवारी कमिटीची मीटिंग झाली. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. बाहेर आवाज येत होते एवढं खरं. एक सभासद राजीनामा देऊन निघून गेले. बाकीच्यांनी होकार कळवला. त्यांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. दगड पडले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

पट्टा मी तीन वेळा लिहिला. मुख्य क्लॉज असा होता: "सदर सूतिकागृहात अगर सदर जागेवरील वॉर्डात कोणत्याही जातीची, धर्माची अगर कामाची स्त्री प्रसूतीसाठी आल्यास खाट रिकामी असताना तिला परत पाठवावयाचे नाही, ही या पट्ट्याची मुख्य शर्त आहे. शर्त मोडल्यास पट्टा रद्द होऊन सदर जागा बांधकामासह लिहून देणार यांचे ताब्यात जाईल." वाक्य मुळीच छान नव्हतं. शर्त हा शब्द लागोपाठच्या दोन वाक्यांत आला होता. मी तो तसाच ठेवला.

सोमवारी मी अव्वांना पट्टा वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग माझ्याकडून कागद काढून घेतला आणि आप्पासाहेबांना वाचायला दिला. मी चुकीचं वाचत नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. आप्पासाहेबांनी तेच वाचलं. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी तो मजकूर स्वतः कानडीत बोलून दाखवला, आणि पेठेतल्या एका कानडी मास्तरांना मराठी कागद देऊन बरोबर आहे का विचारलं. मास्तर "हौदु" म्हणाले, म्हणजे बरोबर आहे. मग अव्वांनी सहीच्या वर आपल्या हातानं कानडीत एक ओळ लिहिली: ही माझी शर्त आहे, मोडली तर जागा माझी.

सब-रजिस्ट्रारनं विचारलं, "मजकूर समजला का?"

"समजला," अव्वा म्हणाल्या. या वेळी त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही.

त्या आठवड्यात मी सोनाबाईच्या वस्तीवर गेलो. कशासाठी गेलो ते मलाही धड सांगता आलं नसतं. मारुती बाहेर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. शब्द कसा बदलला, कुणी बदलला. तो ऐकत होता. मग म्हणाला, "कागदावर काय हुतं त्ये आमाला कुटं ठावं? आमी दार उघडं दिसलं म्हनून गेलो."

सोनाबाई आत पडून होती. तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. क्षमा मागायला गेलो होतो बहुतेक. मागितली नाही. मागून मलाच हलकं वाटलं असतं, तिला काही मिळालं नसतं.

वॉर्ड बांधून झाला. पहिल्या महिन्यात शेजारच्या खाटेवर कोण आहे ते पाहून तीन घरांच्या माणसांनी आपल्या बायका उठवून नेल्या. त्यातल्या दोघी पुढच्या बाळंतपणाला परत आल्या, कारण नर्सबाईचा हात चांगला होता. अव्वा दर मंगळवारी जाऊन रजिस्टर वाचून घेत. नावं, वस्ती, खाट नंबर. नानासाहेब कुरकुरत, पण रजिस्टर पुढे करत. अव्वा होत्या तोवर ती जागा परत घ्यायची वेळ आली नाही. कुणाचं मन मोठं झालं म्हणून नव्हे. जागा जाईल, हे कागदावर होतं म्हणून.

अव्वांनी त्यानंतरही आमच्याच ऑफिसातून कामं करून घेतली. पण माझ्या एकट्याच्या वाचण्यावर त्यांनी पुन्हा कधी सही केली नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. पुढे वाटेनासं झालं. त्यांचं बरोबर होतं.

मी पुढे बरीच वर्षं दस्त लिहिले. दोन गोष्टी पाळल्या. पार्टीनं तोंडानं जो शब्द सांगितला असेल तोच लिहायचा, तो कितीही ओबडधोबड असो. आणि वाचून झाल्यावर "समजलं का?" असं विचारायचं नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. "आता तुम्ही मला सांगा, यात काय लिहिलंय," असं म्हणायचं. पुष्कळ लोक चिडत. एक व्यापारी म्हणाला, "आमाला शाळेत बसवताय का?"

मी हो म्हणालो, टाक दौतीत ठेवला, आणि तो सांगेपर्यंत वाट बघत बसलो.